शेवाळातलं तेल

शेवाळ म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो आडाचा निसरडा कठडा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं ‘जपून रे, पाय सरकेल!’ हे बजावणं. गुरांच्या डोणीतलं पाणी चार दिवस बदललं नाही की हिरवं होतं, तेही शेवाळच. भातखाचरात घालण्यासाठी कृषि खातं निळं-हिरवं शेवाळ देतं, त्यामुळे कोकणातल्या शेतकऱ्याला त्याचा थोडा उपयोगही ठाऊक आहे. पण याच शेवाळापासून तेल काढून त्यावर मोटारी आणि विमानं चालवता येतील असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा एकदा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहील.

त्यात हसण्यासारखं मात्र काही नाही. आज आपण पंपावर जे पेट्रोल आणि डिझेल घेतो, ते तरी मुळात कशाचं आहे? कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात जी सूक्ष्म शेवाळं आणि त्यांच्या जोडीचे बारीक जीव होते, ते मरून तळाशी साचले, चिखलाखाली गाडले गेले, आणि उष्णतेनं व दाबानं त्यांचं खनिज तेल झालं. (खनिज तेल डायनासोरांपासून झालं असा एक समज मुलांत फार पसरलेला आहे. शिक्षकमंडळींनी तो वर्गात खोडून काढावा.) म्हणजे शेवाळाचं तेल आपण जाळतोच आहोत. प्रश्न एवढाच, की निसर्गानं ज्या कामाला कोट्यवधी वर्षं घेतली, ते काम आपल्याला आठवड्याभरात करता येईल का, आणि आलं तर ते परवडेल का?

करता येईल का, याचं उत्तर ‘होय’ असं आहे. ज्या शेवाळाबद्दल आपण बोलतो आहोत ते धाग्यांचं, गोळ्यांचं शेवाळ नव्हे. ते एकाच पेशीचं असतं, डोळ्यांना दिसत नाही. पाणी हिरवं झालं एवढंच आपल्याला दिसतं. त्याला मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. झाडाची निम्मी शक्ती लाकूड आणि मुळं उभी करण्यात जाते, हा खर्चच इथे नाही. ऊन, पाणी, कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडं नत्र-स्फुरद मिळालं की एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा पेशी वाढतात, आणि चांगल्या हवामानात दिवसाभरात दुप्पट होतात. काही जातींच्या पेशींत सुक्या वजनाच्या पाचवा हिस्सा, चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त तेल सापडतं. त्याला सुपीक जमीन लागत नाही, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जातीही आहेत. तेव्हा माणसाच्या तोंडचा घास न काढता इंधन मिळेल, ही आशा अगदीच पोकळ नव्हती.

या आशेचा कस लागला तो अमेरिकेत. १९७० नंतरच्या दशकात अरबी राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, भाव भडकले, आणि १९७८ साली तिथल्या सरकारनं शेवाळापासून इंधन काढण्याचा एक मोठा शोधकार्यक्रम सुरू केला. तो १९९६ पर्यंत चालला. त्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. शास्त्रज्ञांनी तळी, खाड्या, खारट डबकी पालथी घातली, तीन हजारांहून अधिक नमुने जमवले आणि त्यांतून निवडत निवडत सुमारे तीनशे जाती बाजूला काढल्या. मग न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेल या गावी प्रत्येकी १,००० चौरस मीटरची उघडी तळी बांधली. ही तळी शर्यतीच्या मैदानासारखी लांबट गोल असतात, पाणी जेमतेम वीतभर खोल, आणि पाण्याच्या रहाटासारखं एक चाक ते पाणी सतत फिरवत ठेवतं.

रॉसवेलच्या तळ्यांनी जे शिकवलं ते दोन आकड्यांत सांगता येतं. उत्तम दिवशी एका चौरस मीटरमागे ५० ग्रॅमपर्यंत सुकं शेवाळ मिळालं. वर्षाची सरासरी काढली, तेव्हा ती १० ग्रॅमच्या आसपास भरली. रॉसवेल उंचावरचं, वाळवंटी गाव आहे. दिवसा ऊन लखलखीत, पण रात्री गारठा, आणि गारठ्यात शेवाळ वाढत नाही. शिवाय प्रयोगशाळेत निवडलेली तेलाची जात तळ्यात सोडावी, तर थोड्या दिवसांत वाऱ्यानं आलेलं गावठी शेवाळ तिला हुसकून तळ्याचा ताबा घेई. पेरावा शाळू आणि उगवावं तण, तसंच हे.

आता या दोन आकड्यांनी काय फरक पडतो, तो हिशेब पेन्सिल घेऊन करून पाहा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकरांचं तळं घ्या. ५० ग्रॅमच्या दरानं रोज ५०० किलो सुकं शेवाळ. त्यात निम्मं तेल आहे असं धरा आणि ३६५ दिवसांनी गुणा. वर्षाला ९१ टन तेल! वर्तमानपत्रांत आणि कंपन्यांच्या पत्रकांत जे डोळे दिपवणारे आकडे येतात, ते असेच तयार होतात. आता १० ग्रॅमचा दर घ्या, तेल पाचवा हिस्सा धरा आणि वर्षातले कामाचे दिवस ३०० धरा. आकडा येतो ६ टन. कुठे ९१ आणि कुठे ६! अर्थात ६ टनही थोडे नव्हेत. आपल्याकडे हेक्टरी दहा-बारा क्विंटल सोयाबीन पिकलं तर त्यातून दोनशे किलोच्या आसपास तेल निघतं. त्याच्या तीसपट हे झालं. पीक म्हणून शेवाळ खरोखरच बलवान आहे. पण त्या ९१ टनांमध्ये एक लबाडी दडलेली आहे, ती आधी पाहू.

शेवाळ तेल केव्हा साठवतं? पोटभर खायला मिळतं तेव्हा नाही. नत्र कमी पडलं, उपासमार व्हायला लागली, की ते पुढच्या वाईट दिवसांसाठी तेलाची बेगमी करतं. म्हणजे तेल वाढवायचं तर शेवाळाला उपाशी ठेवलं पाहिजे, आणि उपाशी ठेवलं की त्याची वाढ थांबते. जोमदार वाढही आणि भरपूर तेलही, असं एका वेळी मिळत नाही. चणे आहेत तर दात नाहीत! अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिलं. उपाशी शेवाळात तेलाचं शेकडा प्रमाण चढलं, पण तळ्यातून मिळणारं एकूण तेल वाढलं नाही, कारण शेवाळच कमी झालं. पत्रकातला हिशेब मात्र भरल्या पोटीची वाढ आणि रिकाम्या पोटीचं तेल, या दोघांचा गुणाकार करतो.

यापुढची अडचण मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती शाळेत करून दाखवण्याजोगी आहे. काचेच्या दोन स्वच्छ बाटल्या घ्या. दोन्हींत विहिरीचं पाणी भरा आणि हिरव्या झालेल्या हौदातलं वाटीभर पाणी दोन्हींत टाका. एकीत युरियाचे अगदी दोन-चार दाणे आणि चिमूटभर सुपर फॉस्फेट घाला. तोंडाला सैल बोळा लावून दोन्ही बाटल्या उजेडात, पण कडक उन्हात नव्हे, ठेवा आणि रोज हलवा. दोन आठवड्यांच्या आत खत घातलेली बाटली बहुधा दुसरीपेक्षा गडद हिरवी दिसू लागेल. आता मुलांना सांगा, की यातलं शेवाळ वेगळं काढा. ती फडक्यातून पाणी गाळतील. खाली पडेल तेही हिरवंच! क्लोरेला नावाच्या जातीची पेशी आपल्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही लहान असते. ती फडक्यात कशी अडकणार? मग त्यात तुरटी फिरवून पाहा. पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतील. पण आता तुरटीही त्या गाळात आली, आणि ती पुढे तेलाच्या कामात नडते. दुधातून साय वेगळी काढण्याचं डेअरीत जे गरगर फिरणारं यंत्र असतं, तसल्या यंत्रानं शेवाळ स्वच्छ निघतं, पण ते यंत्र वीज खातं.

आणि पाणी किती उपसावं लागतं? उघड्या तळ्यातल्या एका लिटर पाण्यात सुकं शेवाळ भरतं अर्धा ग्रॅमच्या आसपास. एक किलो शेवाळासाठी दोन हजार लिटर पाणी हाताळायचं! आपल्या हेक्टरभर तळ्यातून रोज १०० किलो काढायचे, तर रोज दोन लाख लिटर पाणी यंत्रातून जाऊन परत आलं पाहिजे. एवढं करून जो हिरवा लगदा हाती येतो, त्यात एक भाग शेवाळ आणि चार भाग पाणीच असतं. तो भट्टीत वाळवायचा म्हटलं, तर किलोभर शेवाळात जेवढी ऊर्जा आहे, तिच्यातली जवळजवळ निम्मी तेवढं पाणी उडवण्यातच जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. अलीकडे लगदा न वाळवता, ओलाच तीनशे-साडेतीनशे अंश तापमानाला मोठ्या दाबाखाली शिजवून त्याचं कच्चं तेल करण्याची रीत निघाली आहे. जमिनीनं कोट्यवधी वर्षांत केलं, ते इथे अर्ध्या-पाऊण तासात होतं. रीत चांगली आहे, मात्र तो दाब सोसणारी भांडी स्वस्त नाहीत.

खताचा हिशेबही शेतकऱ्यानं मांडून पाहावा. सुक्या शेवाळात शंभरातले सहा-सात भाग नत्र असतं. रोज १०० किलो शेवाळ म्हणजे रोज सहा किलो नत्र, म्हणजे तेरा किलो युरिया. एका हेक्टरला, दररोज! वर्षाला चार टन. तेल काढल्यावर उरलेला चोथा गोबरगॅसच्या टाकीत घालून बरंचसं खत परत तळ्यात फिरवता येतं, आणि तसं केलं नाही तर हा धंदा चालणारच नाही. युरिया तयार करायलाही इंधनच जाळावं लागतं, हे विसरून कसं चालेल? वर पाणी. उघड्या पाण्याची दख्खनच्या पठारावर वर्षाला दीड-दोन मीटर वाफ होते. हेक्टरी दीड-दोन कोटी लिटर पाणी नुसतं उडून जायचं. समुद्राचं पाणी वापरा म्हणावं, तर तेही उडतं आणि मीठ मागे ठेवतं. तळ्याचं मिठागर होऊ नये म्हणून पुन्हा पाणी घालावंच लागतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २०१२ साली हे सारं जमेला धरून हिशेब केला. त्या देशातल्या वाहनांना लागणाऱ्या इंधनापैकी शंभरात फक्त पाच भाग शेवाळापासून काढायचे म्हटले, आणि काहीच परत फिरवलं नाही, तर देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण नत्राच्या निदान ४४ टक्के नत्र त्या तळ्यांनाच लागेल, असं त्यांना आढळलं. त्या वेळच्या रीतीनं हे झेपणारं नाही, असा स्पष्ट अभिप्राय परिषदेनं दिला. रीत सुधारली तर दार कायमचं बंद नाही, असंही म्हटलं.

मोठ्या भांडवलानं हा प्रश्न सुटला असता, तर तो सुटायला हवा होता. २००८ च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि गावोगावच्या कंपन्या शेवाळाकडे धावल्या. २००९ साली एक्सॉनमोबिल या बलाढ्य तेल कंपनीनं क्रेग व्हेंटर यांच्या सिंथेटिक जिनॉमिक्स कंपनीशी करार केला आणि या कामी ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करू असं जाहीर केलं. २०१७ साली त्यांच्या शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरोप्सिस नावाच्या शेवाळाच्या जनुकांत फेरफार करून, वाढ फारशी न खुंटवता, तेलाचं प्रमाण २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या वर नेलं. वर सांगितलेली उपासाची अडचण निदान प्रयोगशाळेत तरी फोडली गेली, आणि हे यश लहान नव्हे. २०२५ पर्यंत रोज दहा हजार पिंपं तेल काढण्याची क्षमता आणू, असं मग कंपनीनं सांगितलं. २०२३ साली तिनं हात काढून घेतला. बाकीच्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या, किंवा इंधन सोडून सौंदर्यप्रसाधनं, माशांचं खाद्य आणि औषधी तेलं करू लागल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एक किलो तेल डबीत भरून औषधाच्या भावानं विकलं जात असेल, तर ते पंपावर डिझेलच्या भावानं कोण विकेल?

आपल्या देशातही काम झालं आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं २०१२ साली शेवाळापासून केलेलं बायोडिझेल मिसळून मोटार चालवून दाखवली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात प्रगत जैवइंधनांच्या व्याख्येत शेवाळाचं नाव आहे. ऊन आपल्याकडे मुबलक आहे आणि हिवाळा बेताचा, म्हणजे रॉसवेलची थंडीची अडचण इथे पुष्कळ कमी. हे सगळं खरं. पण याच धर्तीची एक गोष्ट खेड्यांतल्या वाचकांना आठवत असेल. मोगली एरंडाची. २००३ च्या सुमारास नियोजन मंडळाच्या समितीनं त्याची शिफारस केली. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, खतावाचून तेल पिकेल असं सांगण्यात आलं. २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचं लक्ष्य ठेवलं. २०१७ उजाडलं तेव्हा एक टक्काही झालं नव्हतं. पडीक जमिनीवर झाड जगलं, पण बी धरेना. पाणी आणि खत घातल्यावर बी धरलं, पण मग तीच जमीन आणि तेच पाणी दुसऱ्या पिकाला का देऊ नये, असा प्रश्न आला. रोपं विकणाऱ्यांचे पैसे मात्र पहिल्याच वर्षी सुटले.

म्हणून सांगतो, उद्या कुणी शेततळ्यात शेवाळ वाढवा, तेल आम्ही विकत घेऊ असं सांगत दारात आला, तर त्याला तीन गोष्टी विचारा. उत्पादनाचा आकडा एका चांगल्या दिवसाचा आहे की सबंध वर्षाचा? पाण्यातून शेवाळ काढायचं कशानं, आणि त्याचं वीजबिल कोण भरणार? खताचा खर्च धरला आहे का? आणखी एक. स्पिरुलिना हे खाण्याचं शेवाळ आपल्याकडे काही ठिकाणी पिकवतात, ते वेगळं. त्यात प्रथिनं शंभरात साठपर्यंत असतात, पण तेल पाच-आठ भागच. ते खाद्य म्हणून विकायचा धंदा आहे, त्याचे नफे-तोटे निराळे. स्पिरुलिना दाखवून इंधनाच्या गोष्टी सांगणारा एकतर अजाण असतो, नाहीतर फार जाणता.

कार्बनबद्दलही दोन शब्द. शेवाळाचं तेल जाळलं की जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तो शेवाळानं आधी हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून जमाखर्च सारखा, असं म्हणतात. पण तळ्यात बुडबुड्यांनी सोडायला तो वायू बहुधा कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराड्यातून घ्यायचा असतो. मग तो कार्बन कोळशाचाच राहिला. हवेत जाण्यापूर्वी तो एकदा मोटारीत जाऊन आला, इतकंच. आणि नुसत्या उन्हाचा हिशेब केला, तर १० ग्रॅमच्या तळ्यात पडणाऱ्या उन्हातला शंभरावा हिस्सा शेवाळात साठतो. आज घरांच्या छपरांवर दिसणाऱ्या सौर तावदानांत पंधरा ते वीस हिस्से वीज होते. शेतपंप आणि दुचाकी विजेवर चालत असताना त्यांच्यासाठी शेवाळाचं तेल काढत बसण्यात मला शहाणपणा दिसत नाही. लांब पल्ल्याच्या विमानांना मात्र अजून जड बॅटऱ्या पेलत नाहीत. त्यांना पातळ इंधनच हवं, आणि शेवाळाच्या तेलाला पुढेमागे गिऱ्हाईक मिळालं तर ते तिथे मिळेल.

गावच्या दृष्टीनं शेवाळाचं काम दुसरीकडेच आहे, आणि ते फार पूर्वी लक्षात आलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम ऑस्वाल्ड यांनी सांडपाण्याच्या उथळ तळ्यांचा अभ्यास केला. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद फुकट असतं, उलट ते काढून टाकण्यासाठीच नगरपालिका पैसे मोजतात. शेवाळ ते खाऊन वाढतं आणि पाण्यात प्राणवायू सोडतं, त्या प्राणवायूवर जंतू घाण कुजवून संपवतात. १९६० साली ऑस्वाल्ड आणि त्यांचे सहकारी गोलुके यांनी असं सुचवलं, की हे शेवाळ बंद टाकीत कुजवून त्याचा गॅस करावा. म्हणजे वाळवणं नको, तेल पिळणं नको आणि खत विकत घेणं नको. टाकीला लगदा ओलाच चालतो, हे ज्याच्या घरी गोबरगॅस आहे त्याला सांगायला नको. स्पेनच्या दक्षिणेला चिक्लाना नावाच्या गावी सांडपाण्यावर अशी शेवाळाची तळी उभी केली आहेत. त्या गॅसवर तिथे मोटारगाड्या चालवून झाल्या, आणि तळ्यातून बाहेर पडणारं पाणी आत आलं त्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असतं.